शाळेतील सोनमासे आणि त्यांचे भांडे



शाळाभेटीच्या निमित्ताने गावोगाव फिरताना एक दृश्य अनेकदा दृष्टीस पडते. मुख्याध्यापकांच्या टेबलावर किंवा वर्गाच्या खिडकीत काचेचे एक गोल भांडे ठेवलेले असते. तळाशी रंगीत खडे, मधोमध प्लॅस्टिकचे झाड आणि त्याभोवती फेऱ्या घालणारे एक-दोन सोनेरी मासे. मुले मधल्या सुट्टीत त्याभोवती गोळा होतात. जिवंत प्राण्याचे निरीक्षण पुस्तकातील चित्रापेक्षा शतपटीने मोलाचे असते, हे ओळखूनच शिक्षक पदरमोड करून हे भांडे आणतात. त्यांचा हेतू सर्वथा स्तुत्य आहे. परंतु पुढच्या भेटीच्या वेळी बहुधा ते भांडे रिकामे आढळते, आणि त्यात खडूचे तुकडे ठेवलेले असतात.

हे लिहिताना मी कोणास दोष देत नाही, कारण हीच चूक मी स्वतः केलेली आहे. १९९४ साली एका द्विशिक्षकी शाळेत मी उपशिक्षक होतो. तालुक्याच्या जत्रेतून दोन सोनमासे आणि एक गोल भांडे मी मोठ्या हौसेने आणले. मुलांनी पाव, बिस्किटे, भाताची शिते, जे हाती येईल ते त्यांना घातले. चौथ्या दिवशी मासे पाण्याच्या वर तोंड काढून आ वासू लागले. ते भुकेले आहेत असे समजून आम्ही आणखी खाऊ घातले. पाणी गढूळ झाले, तेव्हा सगळे पाणी ओतून देऊन नळाचे ताजे पाणी भरले. दुसऱ्या दिवशी सकाळी एक मासा मेलेला होता. दुसरा आणखी दोन दिवस जगला. तिसरीतील एका मुलीने मला विचारले, "गुरुजी, पाणी तर सगळं नवं भरलं होतं. मग मासा मेला कसा?"

मी म्हणालो, "त्याचं आयुष्यच तेवढं होतं, बाळ."

हे उत्तर खोटे होते. तेव्हा मला ते ठाऊक नव्हते, एवढीच माझी सबब. त्या मुलीने योग्य प्रश्न विचारला होता आणि मी तिचे कुतूहल दैवाच्या नावाखाली मिटवून टाकले. सोनमाशाला भांडे कसे निवडावे, आणि ती निवड हाच वर्गातील एक उत्तम पाठ कसा करावा, हे प्रस्तुत लेखात सांगावयाचे आहे.

१. सोनमाशाची ओळख

बाजारात ज्यास गोल्डफिश म्हणतात तो सोनमासा मूळचा चीनमधील. आपल्याकडील रोहू, कटला हे मासे ज्या कुळातील, त्याच कुळात तो मोडतो. चीनमध्ये सुंग राजवटीच्या काळात, म्हणजे इ. स. ९६० ते १२७९ या कालखंडात, राजेरजवाड्यांच्या उद्यानांतील तळ्यांत हे मासे शोभेसाठी पाळले जात. पुढे ते मातीच्या मोठ्या रुंद कुंडांत ठेवण्याची चाल पडली. जपानमध्ये व त्यानंतर सतराव्या शतकात युरोपात ते पोहोचले. म्हणजे कित्येक शतके हा मासा रुंद, उघड्या पाण्यात आणि वरून पाहण्याचा मासा होता. गोल काचेचे लहान भांडे ही फार अलीकडची सोय आहे, आणि ती पाहणाऱ्याची सोय आहे, माशाची नव्हे.

दुकानात दोन बोटे लांबीचा दिसणारा हा जीव मुळात पिल्लू असतो. साधा, सडपातळ अंगाचा सोनमासा पुरेशी जागा मिळाल्यास २० ते ३० सें.मी. वाढतो, फुगीर पोटाच्या व दुहेरी शेपटीच्या जाती साधारणपणे १५ ते २० सें.मी. होतात. नीट निगा राखल्यास तो दहा-पंधरा वर्षे सहज जगतो. इंग्लंडमध्ये १९५६ साली जत्रेत बक्षीस म्हणून मिळालेला एक सोनमासा १९९९ साली, ४३ वर्षांनी मेला. आणि आपण जत्रेतून आणलेला मासा आठवड्यात मरतो! हा फरक नशिबाचा नाही; निगेचा आहे, आणि निगेची पहिली पायरी म्हणजे भांडे.

२. स्वच्छ दिसणारे पाणी विषारी कसे होते?

मासा पाण्यातच श्वास घेतो, पाण्यातच खातो आणि पाण्यातच विष्ठा टाकतो. त्याच्या कल्ल्यांतून व विष्ठेतून अमोनिया नावाचे द्रव्य पाण्यात उतरते. उरलेले अन्न कुजूनही तेच निर्माण होते. ते डोळ्यांस दिसत नाही, परंतु अत्यल्प प्रमाणातही माशाचे कल्ले जाळते.

येथे शेतकऱ्याच्या मुलांस ओळखीचे उदाहरण देता येईल. शेतात टाकलेला युरिया जमिनीत विरघळला की त्यापासून प्रथम अमोनिया होतो, मग जमिनीतील सूक्ष्म जंतू त्याचे नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात. हेच नत्र पीक घेते. माशाच्या टाक्यातही हेच घडते. गाळणीच्या स्पंजावर व तळाच्या खड्यांवर असेच जंतू वस्ती करतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही विषारी. नायट्रेट मात्र त्या मानाने सौम्य, आणि थोडे पाणी बदलून ते काढून टाकता येते. नव्या टाक्यात जंतूंची ही वस्ती पुरेशी होण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. लोणचे जसे मुरावे लागते, तसे टाकेही मुरावे लागते.

आता त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर सापडते. आमच्या भांड्यात पाणी थोडे, खाऊ फार आणि जंतूंची वस्ती नव्हतीच. त्यामुळे मासे विषात पोहत होते. नंतर भरलेल्या नळाच्या पाण्यात ग्रामपंचायतीने टाकलेली टीसीएल पावडर होती. त्यातील क्लोरीन आपल्याला रोगजंतूंपासून वाचवतो, पण माशाच्या कल्ल्यांस तो घातक असतो. आधीच दुबळा झालेला मासा नव्या पाण्याने मेला. पाणी 'नवे' होते, म्हणूनच मेला.

३. भांडे निवडताना पाहावयाच्या गोष्टी

(अ) पाण्याचे घनफळ. पाणी जितके अधिक, तितके विष विरळ आणि शिक्षकाची चूक सुधारण्यास अवधीही अधिक. अनुभवी मत्स्यपालक फुगीर जातीच्या पहिल्या माशास सुमारे ७५ लिटर आणि पुढील प्रत्येक माशास सुमारे ४० लिटर पाणी धरतात. दोन माशांस ११५ लिटर झाले. सडपातळ जातीचा मासा याहून मोठा होत असल्याने तो शाळेतील पेटीत ठेवूच नये. त्यास तळे किंवा मोठा हौदच हवा. हा हिशेब काहींस अवाजवी वाटेल. परंतु इतिहास पाहा. रॉबर्ट वॉरिंग्टन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८५० च्या सुमारास वनस्पती, गोगलगाई आणि मासे यांचा समतोल राखण्याचा प्रसिद्ध प्रयोग केला. त्याने फक्त दोन लहान सोनमासे घेतले होते, आणि तरीही भांडे ५० लिटरांहून अधिक क्षमतेचे वापरले होते. गोल भांड्यात सात लिटर पाणी असते.

(आ) पाण्याचा पृष्ठभाग. हवेतील प्राणवायू पाण्यात शिरतो तो पृष्ठभागातूनच. ओले धोतर घडी करून ठेवले तर वाळत नाही, दोरीवर पसरले तर लवकर वाळते. पाण्याचेही तसेच, पसरलेले पाणी हवेशी अधिक देवघेव करते. गोल भांडे गळ्यापर्यंत भरले की पाणी वाढते, पण पृष्ठभाग आक्रसतो. म्हणून उंच व अरुंद पेटीपेक्षा लांब व रुंद पेटी नेहमी श्रेष्ठ.

(इ) उष्णता. सोनमासा थंड पाण्यातील प्राणी आहे. १८ ते २४ अंश सेल्सिअस तापमान त्यास मानवते. २० अंशांच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३० अंशांवर तो सुमारे साडेसात मिलिग्रॅमच उरतो. म्हणजे उन्हाळ्यात माशाची गरज वाढते आणि पुरवठा घटतो. विदर्भ-मराठवाड्यातील शाळांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. पत्र्याच्या छपराखालील वर्ग किंवा उन्हाची खिडकी या जागा सर्वथा वर्ज्य. उत्तरेकडील भिंतीलगतची, सावलीची, वारा खेळणारी जागा योग्य.

(ई) वजन व बैठक. एक लिटर पाण्याचे वजन एक किलोग्रॅम. १२६ लिटर पाणी, काच आणि खडे मिळून भार दीडशे किलोग्रॅमच्या पुढे जातो. शाळेचे टेबल वा बाक हा भार पेलणार नाही. विटा-सिमेंटचा सपाट कट्टा बांधावा आणि काचेखाली थर्माकोलचा जाड थर घालावा, म्हणजे उंचसखलपणामुळे काच तडकत नाही. ९० सें.मी. लांबीच्या पेटीत ३५ सें.मी. पाणी असता समोरच्या काचेवर सुमारे ५५ किलोग्रॅम भाराइतका दाब पडतो. अशा पेटीस ८ मि.मी. जाडीची काच घ्यावी. स्वस्त मिळते म्हणून खिडकीची पातळ काच वापरू नये. फुटली तर मुलांस इजा होईल.

(उ) भांड्याचा पदार्थ. तांब्याचे वा पितळेचे भांडे माशांस कधीही वापरू नये. तांबे पाण्यात उतरून त्यांस विषबाधा करते. जस्ताचा मुलामा दिलेले पत्र्याचे पिंपही नको. काच, खाद्यपदार्थांसाठी वापरलेले प्लॅस्टिक आणि सिमेंट हे पदार्थ चालतात. ज्या पिंपात पूर्वी कीटकनाशक किंवा रसायन होते ते कितीही धुतले तरी घेऊ नये. नव्या सिमेंटमधील चुना पाण्यात उतरतो, म्हणून सिमेंटचे टाके काही आठवडे पाणी भरून व पुनःपुन्हा बदलून मगच वापरावे.

(ऊ) सिमेंटचे टाके. काचपेटीचा खर्च ज्या शाळेस झेपत नाही तिने निराश होऊ नये. शोषखड्ड्यासाठी गावात सिमेंटच्या रिंगा मिळतात. ८४ सें.मी. आतील व्यासाची एक रिंग घेऊन तिचा तळ पक्का करावा व व्हरांड्याच्या सावलीत ठेवावी. २५ सें.मी. पाणी भरल्यास त्यात सुमारे १३८ लिटर पाणी मावते, म्हणजे दोन माशांस पुरेसे. हा मासा मुळात वरून पाहण्याचाच असल्याने यात काही उणेपणा नाही. मात्र वर लोखंडी जाळीचे कुलूपबंद झाकण अत्यावश्यक समजावे. ते मांजर, कावळा व खंड्या यांच्यासाठी तर हवेच, पण त्याहून अधिक आवारात खेळणाऱ्या अंगणवाडीच्या बालकांसाठी हवे.

४. टाके मुरविणे आणि नित्यक्रम

टाके भरल्यावर लगेच मासे सोडू नयेत. नळाचे पाणी उघड्या भांड्यात किमान एक दिवस ठेवून क्लोरीन उडून गेल्यावर वापरावे. हवेचा पंप व स्पंजाची गाळणी चालू करावी आणि दिवसाआड चिमूटभर माशांचे खाद्य टाकावे. ते कुजून जंतूंची वस्ती वाढते. चालू टाक्यातील जुना स्पंज कोणाकडून मिळाल्यास काम लवकर होते. चार ते सहा आठवड्यांनी प्रथम एकच मासा सोडावा. त्यानंतर पंधरवड्याने दुसरा.

खाद्य दिवसातून एक किंवा दोन वेळा, आणि दोन मिनिटांत संपेल इतकेच द्यावे. पाव, बिस्किटे कटाक्षाने टाळावीत. रविवारी उपास पडला तरी मासा मरत नाही; अति खाऊ घातल्याने मात्र मरतो. दर आठवड्यास सुमारे चौथा हिस्सा पाणी बदलावे. १२६ लिटरांच्या पेटीत हे काम १५ लिटरांच्या दोन बादल्यांत होते. सगळे पाणी एकदम कधीही बदलू नये आणि गाळणीचा स्पंज नळाखाली धुऊ नये. काढलेल्या जुन्या पाण्यातच तो हलकेच पिळावा, म्हणजे जंतू जिवंत राहतात. वीज गेली की गाळणी बंद पडते. अशा वेळी रुंद पृष्ठभागाचे मोठे टाके तास-दोन तास स्वतःच्या बळावर तग धरते, गोल भांडे धरत नाही. हेही मोठे टाके घेण्याचे एक कारण होय.

५. वर्गपाठ

इयत्ता : ५ वी ते ७ वी. विषय : परिसर अभ्यास/विज्ञान व गणित यांचा अनुबंध. वेळ : दोन तासिका.

उद्देश : (१) भांड्याचा आकार, पाण्याचे घनफळ व पृष्ठभाग यांचा संबंध मुलांनी स्वतः मोजून शोधावा. (२) पाळलेल्या प्राण्याच्या गरजा प्रथम, आपली हौस नंतर, हा विचार मुलांत रुजावा.

साहित्य : तांब्या, बादली, परात, लिटरचे माप, मोजपट्टी, चौकटीचा कागद.

प्रस्तावना : एक लिटर पाणी प्रथम तांब्यात व मग तेच परातीत ओतून दाखवावे. "पाणी वाढले की कमी झाले?" "मग बदलले काय?" "कोणत्या भांड्यातील पाण्यास हवा अधिक लागेल?" असे प्रश्न विचारावेत. उत्तर शिक्षकाने सांगू नये. मुलांकडून काढून घ्यावे.

विषयप्रतिपादन : फळ्यावर तीन भांड्यांची आकृती काढून पुढील मापे द्यावीत.

पहिले भांडे गोल, तोंडाशी पाण्याचा व्यास १४ सें.मी., पाणी सुमारे ७ लिटर. दुसरी पेटी उंच, तळ ४० × ३० सें.मी., पाण्याची उंची १०५ सें.मी. तिसरी पेटी लांब, तळ ९० × ४० सें.मी., पाण्याची उंची ३५ सें.मी.

मुलांनी प्रत्येकाचा पृष्ठभाग व घनफळ काढावे. वर्तुळाचे क्षेत्रफळ अद्याप शिकविले नसल्यास चौकटीच्या कागदावर वर्तुळ काढून चौकटी मोजू द्याव्यात. उत्तरे अशी येतील : गोल भांडे १५४ चौ. सें.मी.; उंच पेटी १,२०० चौ. सें.मी. व १२६ लिटर. लांब पेटी ३,६०० चौ. सें.मी. व १२६ लिटर. दोन्ही पेट्यांत पाणी सारखेच असून लांब पेटीचा पृष्ठभाग तिप्पट आहे, आणि गोल भांड्याच्या तुलनेत तो २३ पटींहून अधिक आहे, हा शोध मुलांस स्वतः लागला म्हणजे पाठाचे निम्मे काम झाले.

चर्चा : दुकानात गोल भांडेच का अधिक खपते? ते स्वस्त आहे, लहान आहे, सुंदर दिसते. ही सर्व कारणे कोणाच्या सोयीची? इटलीतील मोंझा या नगराने २००४ साली आणि रोम शहराने २००५ साली माशांसाठी गोल भांडी वापरण्यास बंदी घातली, हेही या वेळी सांगावे.

गृहपाठ : (१) आपल्या घरातील हौदात किती लिटर पाणी मावते ते मोजून काढा. (२) ६० × ३० सें.मी. तळाच्या पेटीत ३० सें.मी. पाणी भरले तर त्यात दोन सोनमासे ठेवता येतील काय? कारण लिहा.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर, ५४ लिटर, म्हणजे एका माशासही अपुरे. जो विद्यार्थी "नाही" असे कारणासह लिहील, त्यास विषय समजला असे मानावे.

६. हे जमण्यासारखे नसेल तर

टाके घेण्यापूर्वी शिक्षकाने स्वतःस एक प्रश्न विचारावा : मे महिन्याच्या सुट्टीत याकडे कोण पाहील? दिवाळीच्या सुट्टीत कोण? गावातच राहणारे कोणी ती जबाबदारी नाव घेऊन स्वीकारत असेल, तरच पुढे जावे. 'कोणीतरी पाहील' या भरवशावर जीव पाळू नये.

उत्तर नकारार्थी आले तर सोनमासा न पाळणे हाच योग्य निर्णय होय, आणि त्यात कमीपणा नाही. अशा शाळेने गप्पी माशांचा विचार करावा. डासांच्या अळ्या खाणारे हे मासे आरोग्य विभागाच्या परिचयाचे आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी केल्यास ते बहुधा मिळतात. ते बोटाच्या दोन पेरांएवढेच वाढतात, आपली उष्ण हवा सोसतात आणि ४० लिटरांच्या टाक्यात त्यांचा लहान थवा नीट राहतो. किंवा मासे न पाळता वरील वर्गपाठ तेवढा घ्यावा. त्यास तांब्या आणि परात पुरे.

एक गोष्ट मात्र कोणीही करू नये. नको झालेला सोनमासा गावच्या विहिरीत, ओढ्यात किंवा नदीत सोडू नये. तो तळ उकरतो, पाणी गढूळ करतो, तेथील माशांची अंडी खातो आणि त्यांस रोग देऊ शकतो. त्यास दया म्हणता येणार नाही. ज्याच्याकडे योग्य टाके आहे अशा व्यक्तीस तो द्यावा.

समारोप

शाळेत मासे असावेत की नसावेत, हा परिपत्रकाचा विषय नाही. तो प्रत्येक शाळेने आपल्या शक्तीनुसार ठरवावा. परंतु असतील तर ते आठवडाभराचे पाहुणे नसावेत. पहिलीत दाखल झालेल्या मुलाने सातवीतून जाताना त्याच माशाचा निरोप घ्यावा, एवढे आयुष्य त्या जिवास निसर्गाने दिलेले आहे. सात वर्षे एका जिवाची निगा राखलेले मूल मोजमापाबरोबर आणखी काय शिकते, हे शिक्षकांस सांगावयास नको.

आणि कधी मासा मेलाच, तर मुले विचारतील, "गुरुजी, तो मेला कसा?" त्या वेळी दैवाचे नाव घेऊ नका. मुलांसह टाक्याजवळ जा. पाणी किती होते, खाऊ किती पडला, पाणी कधी बदलले, ऊन कोठून येते, गाळणी चालू होती काय, हे त्यांच्याबरोबर तपासा. कारण सापडेल किंवा सापडणार नाही. पण शोधावे कसे हे मुलांस कळेल. १९९४ साली एका मुलीस हे मिळावयास हवे होते. ते मी देऊ शकलो नाही. आपण आपल्या वर्गात ते द्यावे, एवढीच विनंती.